स्वस्तातली काळी काच

माझे वडील ओझरच्या विमान कारखान्यात स्टोअरला होते. नटबोल्ट, वॉशर, पत्रे मोजून द्यायचे आणि वहीवर सही घ्यायची, हे त्यांचं काम. पण घरी बोलायला लागले की ऐकणाऱ्याला वाटावं, ह्यांना विचारल्याशिवाय एकही विमान जमीन सोडत नसेल. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यांनी एक जुनी, पांढरी, छोटी गाडी घेतली. तिला एसी नव्हता. दिवसभर ती कारखान्याबाहेर उघड्यावर तापायची आणि संध्याकाळी वडील ओला नॅपकिन स्टिअरिंगला गुंडाळून ती चालवत घरी आणायचे. एका उन्हाळ्यात त्यांचे दोन हात दोन माणसांचे वाटायला लागले. डावा गहूवर्णी, आणि खिडकीकडचा उजवा वांग्यासारखा.

"काचांना काळी फिल्म लावून घेऊ," ते म्हणाले.

फिल्म चांगली आणि स्वस्त अशी दोन प्रकारची मिळायची. वडिलांनी चांगलीची सगळी माहिती काढली, चार दुकानं फिरले, दुकानदारांना प्रश्न विचारून बेजार केलं आणि शेवटी नाशिकच्या द्वारका चौकाजवळ एका पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन स्वस्तातली लावली. मी सोबत होते. माझं बी.एड. नुकतंच झालं होतं आणि घरात लग्नाचं बोलणं सुरू होतं, त्यामुळे मला कुठेही सोबत नेण्याची सगळ्यांना घाई असायची.

"गॅरंटी काय?" वडिलांनी विचारलं.

"काका, गाडीची हाय का गॅरंटी? मग फिल्मची कशाला?" कारागीर म्हणाला.

वडिलांना हा युक्तिवाद आवडला असावा, कारण त्यांनी लगेच गाडीची किल्ली त्याच्या हातात दिली. कारागिराने काचेवर साबणाचं पाणी मारलं, फिल्म चिकटवली, रबरी पट्टीने आतलं पाणी रेटून काढलं. तासाभरात आमची पांढरी गाडी एखाद्या पुढाऱ्याची असावी तशी दिसायला लागली. निघताना त्याने सांगितलं, "चार दिवस काचा खाली घ्यायच्या नाय. फिल्म वाळू द्या."

एप्रिल महिना होता. आणि तिसऱ्या दिवशी, रविवारी, आम्हाला दिंडोरीला मामाकडे जायचं होतं. तिथे मला बघायला पाहुणे येणार होते.

"काच थोडी तरी खाली घेऊ," आई निघतानाच म्हणाली.

"चार दिवस म्हणजे चार दिवस," वडील म्हणाले. कारखान्यात उभा जन्म सूचना पाळण्यात गेलेला माणूस. दुपारची वेळ. चारही काचा बंद. पंखा लावला तर इंजिनाची गरम हवा थेट तोंडावर यायची, म्हणून तोही बंद. ऊन आत येत नव्हतं, हे मात्र मी प्रामाणिकपणे कबूल करते. सावलीतच आम्ही वाफेवरच्या इडल्यांसारखे फुगत होतो.

आईचं दुःख वेगळंच होतं. कॉलनीच्या कोपऱ्यावर शेजारच्या काकू दिसल्या, तेव्हा आईने आतून हात हलवला. काकूंनी गाडीकडे बघितलं आणि तोंड फिरवलं.

"बघा! त्यांना आपण दिसलोच नाही. आता म्हणतील, गाडी घेतली आणि ओळख विसरले."

"अगं, फिल्मचा उपयोगच तो आहे. बाहेरच्याला आतलं दिसत नाही."

"मग गाडी घेतली कशाला?" आई म्हणाली. म्हसरूळच्या पुढे गेल्यावर तिने पदराने तोंडाला वारा घ्यायला सुरुवात केली ती दिंडोरी येईपर्यंत.

मामाचं घर द्राक्षबागेला लागून होतं. पण एप्रिलची छाटणी झालेली, त्यामुळे वेलींवर पान नाही आणि अंगणात सावली नाही. गाडी उन्हातच उभी राहिली. मी आरशात बघितलं. पावडरचे ओघळ गालावरून मानेवर आले होते, आणि मोरपंखी साडीवर पाठीमागे घामाचा मोठा नकाशा उमटला होता.

"तू इथेच थांब," आई म्हणाली. "अशा अवतारात कुणासमोर जाऊ नको. मी टॉवेल आणि पावडर घेऊन येते."

वडील आणि आई आत गेले. मी मागच्या सीटवर, पलीकडचं दार किंचित उघडं ठेवून बसले. आम्हाला वाटत होतं पाहुणे तासाभराने येतील. ते आमच्या आधीच येऊन, हातपाय धुऊन, पोहे खाऊन बसले होते.

दोनच मिनिटांत घरातून एक तरुण बाहेर आला. निळा शर्ट, कडक इस्त्री, चेहऱ्यावर परीक्षेला निघाल्यासारखी कळा. इकडेतिकडे कुणी नाही हे बघून तो सरळ गाडीपाशी आला, माझ्याच खिडकीसमोर उभा राहिला आणि खिशातून कंगवा काढला.

त्याला त्या काळ्या काचेत स्वतःशिवाय काही दिसत नव्हतं. मला मात्र तो वीतभर अंतरावर, पडद्यावर दिसावा तसा दिसत होता. मी श्वास रोखला. त्याने भांग पाडला, मोडला, पुन्हा पाडला. मग ओठ मागे खेचून दात तपासले. पुढच्या दोन दातांच्या मधे कोथिंबिरीचं पान होतं. ते नखाने काढायला त्याला बराच वेळ लागला आणि मी माझा पदर तोंडात कोंबून बसले.

मला वाटलं आता तो जाईल. पण तो तसाच उभा राहिला, घसा खाकरला आणि काचेकडे, म्हणजे माझ्या डोळ्यांत बघत म्हणाला, "मी अजून टेम्पररी आहे."

माझं हसू थांबलं.

त्याने मान हलवली. त्याला ते पटलं नसावं. मग जरा हसून म्हणाला, "खरं सांगायचं तर, माझी नोकरी अजून पक्की नाही." तेही आवडलं नाही. तिसऱ्यांदा हात जोडून, अगदी हळू आवाजात म्हणाला, "काकांनी तुम्हाला पर्मनंट सांगितलंय. तसं नाही. राग मानू नका." मग त्याने कंगवा खिशात ठेवला, कपाळाचा घाम पुसला आणि आत गेला.

आई पलीकडच्या दाराने टॉवेल घेऊन आली. "पाहुणे आलेत गं आधीच! आणि तू अशी तोंडात पदर घालून का बसलीस? रडलीस की काय?"

"नाही," मी म्हणाले. तिला सांगायला वेळ नव्हता.

बैठकीत तो मामाच्या कपाटाशेजारी खुर्चीत ताठ बसला होता. मी चहाचा ट्रे घेऊन गेले तेव्हा त्याने एकदा वर बघितलं आणि पुन्हा पायांकडे. बोलत होते ते त्याचे काका. सातपूरला चांगली कंपनी, पोरगा हुशार, साहेब लोकांच्या मर्जीतला.

"आणि पर्मनंट आहे," काका म्हणाले.

त्याने घसा खाकरला. मी ट्रे तसाच धरून थांबले. पण तो बशीतला चहा पिऊ लागला. मला आठवतं, मला त्याचा रागच आला. एवढी तालीम केली होती, तीही माझ्यासमोर, आणि ऐन वेळेला चहा पीत बसला.

बोलणं पावसाकडे, मग द्राक्षांच्या बाजाराकडे गेलं. शेवटी मामा मला म्हणाला, "तुला काय इचारायचं आसल तर इचार बाई. आता लाजायचे दिवस नाय राहिले."

अशा वेळी मुलीने मान हलवून नाही म्हणायचं असतं. मी विचारलं, "नोकरी पक्की आहे ना?"

आईने माझ्याकडे बघून डोळे वटारले. काका हसले, "आत्ताच सांगितलं की."

"नाही," तो म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. त्याचे कान लाल झाले होते. "अजून टेम्पररी आहे. दर सहा महिन्यांनी कागद नवा करतात. होईन पर्मनंट असं वाटतं. पण अजून झालो नाही." तीन तयार वाक्यांपैकी पहिलंच तेवढं त्याच्या तोंडून आलं होतं. राग मानू नका हे तर तो विसरूनच गेला.

काकांची कपबशी वाजली. "आरं, होणारच हाय की! होणारं ते झाल्यासारखंच धरायचं आसतं!"

आता माझे वडील पुढे सरकून बसले. "माल स्टोअरला आला नसेल तर आला म्हणून सही करता येत नाही," ते म्हणाले. "मुलगा बरोबर बोलला." मग त्यांनी त्याला विमानाबद्दल दहा मिनिटं माहिती दिली, ती त्याने निमूट ऐकून घेतली.

परतीच्या वाटेवर गाडीत भांडण जुंपलं. आईचं म्हणणं, टेम्पररी माणसाला मुलगी द्यायची म्हणजे काय. वडिलांचं म्हणणं, खरं बोलणारा माणूस पाहिजे. आवाज चढले, काचा बंद, मी मागे घामाने निथळत.

"खरं खाऊन पोट भरतं का?" आई ओरडली आणि रागाच्या भरात काचेचं हँडल धरून गरागरा फिरवलं. काच खाली गेली. फिल्म मात्र वरच राहिली. भाजलेल्या वांग्याची साल निघावी तशी ती सुटली, गोळा झाली आणि तिचा एक चिकट तुकडा वाऱ्याने आईच्या गालाला येऊन बसला.

वडिलांनी गाडी बाजूला घेतली. आईने गालावरचा तुकडा सोलून काढला, घडी करून समोर ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "आता बाकीच्याही घ्या खाली."

वडिलांनी खरंच सगळ्या काचा खाली घेतल्या. तीन दिवसांत पहिल्यांदा गाडीत वारा आला. त्या वाऱ्याने सगळ्यांचीच डोकी जरा थंड झाली असावीत, कारण वडिलांनी मागे वळून मला विचारलं, "तुझं काय म्हणणं?"

"मला चालेल," मी म्हणाले.

"इतक्यात? कशावरून?"

मग मी काचेची सगळी गोष्ट सांगितली. कंगव्यापासून कोथिंबिरीपर्यंत आणि तिन्ही वाक्यं. वडील स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत राहिले. आईने बराच वेळ हसू आवरलं. मग म्हणाली, "दातसुद्धा बघितले त्याने?" आणि तिलाही राहवलं नाही.

दिवाळीनंतर आमचं लग्न झालं. तोपर्यंत उरलेल्या तीन काचांवरच्या फिल्मला फोड आले होते, पुढच्या उन्हाळ्यात ती जांभळी पडली, आणि पावसाळ्यात रिव्हर्स घेताना वडिलांनी शेजाऱ्यांच्या तुळशीवृंदावनाचा कोपरा उडवला. काचेतून त्यांना ते दिसलंच नाही. शेवटी द्वारकेच्या चौकात हवालदाराने गाडी अडवली आणि फिल्म काढायला सांगितली. वडिलांनी त्याला उन्हाचं शास्त्र समजावून सांगायचा प्रयत्न केला. हवालदार स्वतः भर दुपारी चौकात उभा होता, त्यामुळे त्याला ते फारसं भिडलं नाही.

फिल्म काढायचं काम जावयाकडे आलं. एका रविवारी नवरा ब्लेड, गरम पाणी आणि रॉकेलची बाटली घेऊन माझ्या माहेरच्या अंगणात बसला. मी चहा घेऊन गेले, तेव्हा तो माझ्या त्या खिडकीवरची फिल्म खरवडत होता. मी तोवर त्याला काही बोलले नव्हते. त्या दिवशी सांगितलं.

त्याचा हात थांबला. "तू आत होतीस?"

"होते."

"सगळा वेळ?"

"कंगवा काढल्यापासून."

त्याचे कान पुन्हा तसेच लाल झाले. तो म्हणाला, "म्हणजे तू मुद्दाम विचारलंस ते. आणि मी आतही नसतो बोललो, तर?"

"तर नाही म्हणाले असते."

"मी नव्हतोच बोलणार," तो म्हणाला. "काकांसमोर माझी वाचाच गेली होती. तू विचारलंस म्हणून."

त्याने ब्लेड पाण्यात बुडवून पुन्हा खरवडायला घेतलं. फिल्म निघाली, गोंद मात्र राहिला, आणि संध्याकाळपर्यंत त्यावर अंगणातली सगळी धूळ चिकटून बसली. वडील बाहेर येऊन काचेकडे बघत म्हणाले, "हेही वाईट नाही. ऊन बऱ्यापैकी अडतंय."