कात्रीवरच्या चिंध्या

अंबडला माझ्या मोठ्या भावाचा छोटा कारखाना होता. द्राक्षांचे घड विरळायच्या कात्र्या दादा तिथे बनवायचा. बाहेरून येणाऱ्या स्वस्त कात्र्यांपुढे त्याचा माल उठेना. त्याने पोलाद बदललं, धार वाढवली. तरी कारखाना बंद पडायच्या बेताला आला. धार लावायला परत येणाऱ्या कात्र्यांच्या मुठींना जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळलेल्या असत. "नुसता मळ," म्हणत दादा त्या कापून टाकायचा आणि कात्र्या लखलखीत करून पाठवायचा.

शेवटच्या आजारात त्याने मला पिंपळगावच्या एका बागेत कात्र्या पोचवायला पाठवलं. तिथल्या एका मजूर बाईने कात्री हातात घेतली आणि आधी मुठीला चिंधी बांधली.

"ताई, धार लय चांगली हाय, पण संध्याकाळपर्यंत अंगठा सोलून निघतो. आमी बांधतो, तुमचा दादा काढून फेकतो. एक दिवस ये म्हणावं घड विरळायला!"

दवाखान्यात मी हे दादाला सांगितलं.

"इतकी वर्षं त्या सांगत होत्या, आणि मी ते कापून फेकत होतो," तो म्हणाला. मग त्याने कागद मागितला आणि रुंद, मऊ रबराची मूठ काढली.

ती कात्री तयार झाली तेव्हा तो नव्हता. आता बायका दुकानात तीच मूठ मागतात. कारखाना चालू आहे. धारेला आलेल्या कात्र्यांच्या मुठी उघड्याच असतात. तरी कात्र्यांचं पोतं रिकामं करताना माझा हात चिंधी शोधतो.