गोदावरीच्या पुलापुढचा चढ

देवदेव करणारी मी नाही, हे आधीच सांगून टाकते. मी पालमकडची. पत्रकं लिहिते, बाजाराच्या दिवशी वाटते आणि त्याबद्दल लोकांची बोलणी खाते. माझी मागणी एकच आहे : किडनीच्या रोग्याला डायलिसिससाठी परभणी गाठावी लागू नये, ते यंत्र तालुक्याला मिळालंच पाहिजे. देवळात जाते ती सभेसाठी ओटा मागायला. तरीही हा अनुभव लिहायला बसले, कारण तो घडला. आणि घडलेलं दडपणाऱ्यांवर तर मी रोज ओरडते, मग माझंच कसं दडपू?

आमच्या गल्लीत सोपानआबा आहेत. जन्मभर मेंढरं राखली. दोन्ही किडन्या गेल्यात. सोमवारी आणि गुरुवारी त्यांना परभणीच्या दवाखान्यात यंत्रावर घ्यावं लागतं. मुलगा-सून ऊसतोडीला गेलेली, घरी आबा आणि त्यांची बायको हिरामाय. नुसतं पत्रक लिहून आबांचं रक्त शुद्ध होणार नव्हतं, म्हणून न्यायचं-आणायचं काम मी अंगावर घेतलं. गाडी पुण्याच्या मावशीची. तिचा गुडघा दुखायचा म्हणून तिनं क्लच नसलेली, आपोआप गिअर बदलणारी गाडी घेतली होती. आता डोळ्यांनी दगा दिल्यावर ती जुनी गाडी माझ्या गळ्यात घातली. मलाही बरं वाटलं. डाव्या पायाला सुट्टी!

होळीच्या सुमारास गाडी बिघडली, आणि तीही धड बिघडेना. सरळ बंद पडली असती तर सोडून तरी दिलं असतं. गिअरची दांडी ‘डी’वर ओढली की ती आधी क्षणभर विचार करायची, मग मागून कुणी लाथ घातल्यासारखा हिसका देऊन निघायची. इंजिन बोंबलायचं, वेग जागचा हलायचा नाही. चढ आला की मग तर जीवच सोडायची. आबा मागून म्हणायचे, “पोरी, माझी मेंढरं आतापस्तोर पोचली असती बघ.”

मेकॅनिक तीन झाले. पहिला बॉनेट उघडून हसला. “ताई, ही बायकांची गाडी. हिला क्लचच न्हाई, मग बिघाड हुडकायचा कुठं?” दुसऱ्यानं गाडीला हात न लावताच निकाल दिला, “गिअरबॉक्स खल्लास. ठिवून जा हितंच, बघू पंधरा दिवसांनी.” पंधरा दिवस आबांना कुठं ठेवू, ते त्यानं सांगितलं नाही. तिसऱ्यानं चक्कर मारली, घाम पुसला आणि लिंबू-मिरची बांधायला सांगितली. गिअरबॉक्सचं तेल तर मी स्वतः रोज सकाळी, गाडी चालू करायच्या आधी, पट्टी काढून बघत होते. वडील ट्रॅक्टरचं बघतात तस्संच. पट्टीवर तेल भरलेलं दिसायचं. तिघांनाही मी ती पट्टी दाखवली, तिघांनीही माना डोलावल्या. एक जादा डबाही आणून डिकीत ठेवला होता, पण टाकायला जागा कुठं होती?

मग एका सोमवारी गाडीनं गंगाखेडच्या पुढं जायला नकार दिला आणि आबांची पाळी चुकली. बुधवारपर्यंत त्यांचे पाय सुजून खांब झाले. तोंडही सुजलं. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून दोन रात्री भिंतीला टेकून बसून काढल्या. डॉक्टर फोनवर एवढंच म्हणाले, “गुरुवार चुकवू नका.” ते कुठल्या स्वरात म्हणाले, हे मी विसरणार नाही. गावातली जीप लग्नाच्या वऱ्हाडाला गेलेली, रुग्णवाहिका दुसऱ्या रोग्याला घेऊन नांदेडच्या वाटेवर. गुरुवारी सकाळी आबांना पुन्हा त्याच नतद्रष्ट गाडीत बसवलं. अकराची पाळी होती.

आबा मागच्या सीटवर हिरामायच्या खांद्याला टेकून तोंडातल्या तोंडात मल्हारीचं नाव घेत होते. माझं डोकं आधीच तापलेलं. मी म्हटलं, “आबा, तुमच्या मल्हारीला सांगा, उतरून जरा धक्का मार म्हणावं.”

“मारंल की,” आबा धापा टाकत म्हणाले. “त्याला घाई न्हाई. तुलाच हाय.”

गंगाखेड मागं पडलं, गोदावरीचा पूल ओलांडला आणि पुढच्या चढाला गाडीनं तोंड फिरवलंच. मी पाय दाबून धरला, इंजिनानं आकांत केला, जळकट वास सुटला आणि मागून आलेला सायकलवाला आमच्याकडं बघत पुढं निघून गेला. कडेला कडुलिंबाखाली कशीबशी गाडी लावली. साडेनऊ वाजून गेले होते. मी उतरले, चाकाला लाथ घातली आणि वर बघून बोलले. प्रार्थना म्हणा, नोटीस म्हणा, शब्द असे होते : “असशील तर ये. नसशील तर तसं स्पष्ट सांग, म्हणजे दुसरीकडं बघता येईल.”

“टायर का क्या कसूर, बेटी?”

झाडाच्या बुंध्याशी पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा पिशवी मांडीवर घेऊन बसला होता आणि तो माझ्याहून जास्त चिडलेला होता. परभणीला लेकीकडं चालला होता. जीपवाल्यानं वळणावर ट्रकला ओलांडायला घेतली म्हणून भांडून मधेच उतरला होता. “वीस साल सौदीत डायव्हरकी केली मी,” तो म्हणाला. “सगळ्या ह्याच गाड्या, बिगर क्लचच्या. आन ह्यो काल मिशा फुटलेला मला म्हणतो, चाचा, गप बसा. म्हनलं, उतार मेरे कू!” मग त्यानं मागच्या सीटवरच्या आबांकडं पाहिलं आणि त्याचा आवाज बदलला. “क्या हुआ गाडी कू?”

मी सुरू झाले. तिन्ही मेकॅनिक, खड्डे, मावशी, एकूण व्यवस्था. चाचानं हात वर केला.

“भाषण नंतर दे. कधीपासून?”

“होळीपासून.”

“होळीला गाडीत काय बदललं?”

“काहीच नाही.”

“हौ? सोच.”

त्यानं मला बॉनेटपाशी उभं केलं. स्वतः माझ्या जागेवर बसला आणि बंद गाडीतच पाय दाबला. पायापासून आलेली तार इंजिनाजवळची एक छोटी चकती फिरवते, ती किती फिरते ते बघ म्हणाला. अर्धीच फिरत होती. “मैं तो पूरा दबाया,” चाचा म्हणाला. उठून आला, ती चकती बोटानं फिरवली. पूर्ण फिरली. मग तो वाकला, माझ्या पायाखालचं रबरी पायपुसणं उचललं आणि खालून चौघडी घातलेली अर्धी घोंगडी ओढून काढली.

ती हिरामायनंच दिली होती. होळीला ऊन वाढल्यावर जुन्या गाडीचा पत्रा खालून तापायचा, पाय भाजतात म्हणून मी कुरकुरले होते. मेंढपाळाच्या घरात थंडी, पाऊस, ऊन सगळ्यावर एकच औषध, घोंगडी. मी ती चौघडी घालून रबराखाली सारली आणि विसरून गेले. अशा गाडीला चढ आल्याचं चालवणाऱ्याच्या पायावरून कळतं. पाय तळाला टेकला की ती खालचा गिअर घेऊन जोर लावते. माझा पाय तळाला टेकतच नव्हता. लोकरीला टेकत होता.

“आगं बया!” हिरामायनं तोंडावर हात घेतला. “पाय भाजू ने म्हणून दिल्ती गं मी!”

आबांना हसू आलं, हसताना दम लागला. “मेंढराचीच करणी म्हणायची.”

“अन तेल?” चाचानं विचारलं.

“रोज बघते. भरलेलं आहे.”

“बंद गाडीत बघती ना? ट्रॅक्टरवानी?” त्यानं कपाळावर हात मारला. गाडी चालू करायला लावली, ब्रेक दाबून दांडी एकेका जागेवर फिरवून परत आणायला लावली. तापलेल्या, चालत्या गाडीतच त्यानं पट्टी ओढली, धोतराच्या सोग्याला पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. तेल खालच्या खुणेच्याही खाली होतं, हिसके त्याचेच. गाडी बंद असली की वर चढलेलं तेल खाली उतरून जमा होतं, म्हणून पट्टी भरलेली दिसते. मी रोज सकाळी निष्ठेनं खोटी साक्ष काढत होते. डिकीतला डबा आला. नरसाळं नव्हतं. चाचानं सीटवरच्या गठ्ठ्यातलं माझं एक पत्रक उचललं, शंकूसारखं वळलं आणि लाल तेल थोडं थोडं आत सोडलं. “जागे व्हा!” हे माझं शीर्षक तेलानं भिजत गेलं. मला वाईटही वाटलं नाही, इतकी मी थकले होते.

चाचा शेजारी बसला. गाडी या वेळी हिसका न देता निघाली. चढ चढली. पण सपाटीला लागल्यावरही मी पाय दाबूनच धरला होता. किती वाजले ते बघत होते, दात आवळले होते. इंजिन पुन्हा ओरडायला लागलं.

“पाय उठा,” चाचा म्हणाला.

“उशीर होतोय, चाचा!”

“इत्ता नक्को दाब. चढाला दाबलीस, ठीक. आता जरा सोड. गिअर तुला न्हाई टाकायचा, तिला टाकायचाय. टाकू दे.”

मी पाय सैल केला. सैल सोडणं मला येत नाही, मी तशी वाढलेच नाही. एक श्वास जाईल एवढा वेळ काहीच झालं नाही. मग आतून हलका टक आवाज आला, गाडीनं वरचा गिअर घेतला, ओरडणं थांबलं आणि रस्ता पळायला लागला. मागं आबांच्या तोंडात नाव चालूच होतं.

दवाखान्यात पोचलो तेव्हा अकराला सात मिनिटं कमी होती. आबांना यंत्राला जोडलं. चाचा फाटकाशीच उतरला. त्यानं चहासुद्धा घेतला नाही. जाताना बजावलं, “तेल कमी झालं म्हणजे कुठूनतरी गळतंय. ते हुडक. मी टाकलं म्हणून बरी झाली असं समजू नको.” आणि रिक्षावाल्याशी भांडत निघून गेला.

त्या बाकड्यावर मी चार तास बसले. हिरामाय म्हणाली, मल्हारीनंच धाडला. एरवी मी वाद घातला असता : जीपवाल्याची बेपर्वाई आणि म्हाताऱ्याचा तापट स्वभाव, यात मल्हारी कुठून आला? वाद तोंडाशी आला आणि तिथंच विरला. इतके दिवस मी दोषींची यादी करत होते आणि त्यात माझा पाय कुठंच नव्हता. मी वर बघून नोटीस दिली, तेव्हा उत्तर माझ्या पाठीमागं, झाडाखाली, आधीपासून येऊन बसलेलं होतं. कुणी बसवलं, याचा पुरावा माझ्याकडं नाही. प्रत्येक गोष्टीला पुरावा मागणाऱ्या मला त्या दिवशी तो मागावासाही वाटला नाही.

मागणी मी सोडलेली नाही. पत्रक नव्यानं छापलं, यंत्र तालुक्याला मिळालंच पाहिजे. दाबायचं तिथं मी दाबणारच. पण दाबून झाल्यावर पाय उचलायचा असतो, पुढचं ज्याचं त्याला करू द्यायचं असतं, एवढं त्या चढावर मला कळलं.

तिसऱ्या प्रहरी आबा बाहेर आले. तोंडाची सूज उतरली होती. मागच्या सीटवर हिरामायच्या मांडीवर डोकं ठेवून ते सरळ आडवे झाले आणि मी किल्ली फिरवायच्या आत घोरायला लागले. हिरामायनं ओठांवर बोट ठेवून मला खुणावलं, आवाज करू नको. मी स्टिअरिंगवरचे हात उचलले आणि जोडले.