दामिनीच्या दुकानातला लाल शॉकअप

देवरीत हायवेला लागून दामिनीचं दुकान आहे. अपघातात चेपलेल्या महागड्या गाड्यांचे शॉकअप ती भंगारातून आणते, खोलते, सील आणि तेल बदलते आणि मोबाईलवर व्हिडिओ टाकून विकते. बाईमाणूस पाना धरते म्हणून सुरुवातीला गावाने दात काढले होते. आता तेच लोक पाहुण्यांना दुकान दाखवायला आणतात. लाज कुठली!

तोंडाची फटकळ, पण मालाची खोड आधी सांगणार. तुकडा डिझेलमध्ये बुडवायचा, कोरडा पुसायचा, वर खडूची पूड चोळायची. लोखंडाला तडा गेला असेल तर आत मुरलेलं डिझेल पांढऱ्यावर काळी रेघ होऊन उमटतं. रेघ उमटली की तुकडा कोपऱ्यातल्या ढिगात. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा तिचा बाप बकाराम हेच करायचा.

महाशिवरात्रीला ती आईला घेऊन जिल्ह्यातल्याच प्रतापगडच्या जत्रेला गेली आणि दुकान धाकट्या भावावर, हिमांशूवर सोपवलं. तिथेच चुकलं.

परतली तर दारात पिवळी स्पोर्ट्स कार, इंजिन चालू. रायपूरचं गिऱ्हाईक निघायच्या बेतात होतं. चाकांमागे चकचकीत लाल शॉकअप बसवलेले. दामिनीचं डोकं फिरलं. या गाडीचे तीनच शॉकअप तिने तयार ठेवले होते, चौथ्याच्या शोधात होती.

"चौथा कुठून आणला रे?"

"ढिगातला. खडू धुतला, रंग मारला. साजरा दिसून राहिला ना?"

"रेघ होती त्याच्यावर!"

"केसाएवढी तर होती, ताई. कायले बोंबलून राहिली? गिऱ्हाईक खुश आहे."

दामिनी तशीच गाडीच्या काचेशी गेली. "भैया, उतरो. एक पीस फटा हुआ है."

तो हसला. "समझ गया मैडम. कोई ज्यादा देनेवाला मिल गया होगा. आपके भाई ने गारंटी दी है."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. एकाने रंगाखाली मरण झाकलं होतं, आणि दुसऱ्याला खरं सांगावं तर तो तिलाच लबाड ठरवत होता. तिने पलीकडचं दार उघडलं.

"हिमांशू, बस. गारंटी तूच देल्ली ना? जाय त्याच्यासंग रायपूरले."

हिमांशू दोन पावलं आला. दाराला हात लावला आणि काढून घेतला.

"मले काम आहे."

"कोणतं?"

त्याची नजर मागच्या चाकावर होती. गिऱ्हाईकाने आधी हिमांशूकडे पाहिलं, मग त्या चाकाकडे. इंजिन बंद करून तो खाली उतरला आणि लांब जाऊन उभा राहिला.

दामिनीने भावाच्या पायाशी जॅक आदळला. शॉकअप त्याच्याकडूनच खोलून घेतला. रंग खरवडला, डिझेल, खडू. रेघ उमटली. गाडीच्या भाराने आता ती केसाएवढी राहिली नव्हती.

हिमांशू खालच्या मानेने म्हणाला, "ताई, मी खरंच बसलो असतो तर?"

"तर पोरगं अडाणी आहे म्हणून कान धरून बाहेर ओढलं असतं," दामिनी म्हणाली. "पण तुले ठाऊक होतं. दुकानाची चाबी ठेव अन् घरी जाय."