नाथानं शांताला जे सांगितलं नाही

नाथा गेल्याचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेसात झाले असतील. मी जालन्याच्या घरी दाढी करत होतो. फोनवर त्याचा थोरला मुलगा अशोक होता. "काका, बाबा गेले. तुम्ही येस्तोवर थांबवून ठेवतो," तो म्हणाला. आमचं गाव केदारखेडा जालन्याहून काही लांब नाही. भोकरदनची गाडी धरली असती तर अकराच्या आत पोचलो असतो. मी म्हणालो, "थांबू नका. मला जमायचं न्हाई." "बरं" म्हणून अशोकनं फोन ठेवला. राहिलेली दाढी मी पुरी केली, तोंड धुतलं, पेपर उघडून बसलो. पन्नास वर्षांच्या मित्राच्या मातीला मी गेलो नाही आणि गावानं त्याचा अर्थ आपापल्या परीनं लावला. गुरुजींना बरं नसेल, असं कुणी म्हणालं. शहरात गेलेली माणसं अशीच होतात, असंही कुणी म्हणालं. खरं कारण मी माझ्या बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. आज सात आठवडे झाले. ते सांगितल्याशिवाय मला नाथाबद्दल एक ओळ लिहिता येत नाही, आणि त्याच्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवतही नाही.

विश्वनाथ त्याचं नाव, पण मास्तरांच्या हजेरीपुरतंच. आम्ही दोघं एका बाकावर बसलो, एकाच वर्षी सातवी पास झालो. मी पुढे शिकून शिक्षक झालो, तो शेतीत राहिला. झाडपाल्याचं वेड त्याला त्याच्या मामानं लावलं. कुणाला विळा लागला की नाथा बांधावरची कंबरमोडी चोळून तिचा रस जखमेवर पिळायचा. कावीळ, मूळव्याध, लहान लेकरांचा खोकला... हळूहळू माणसं त्याच्या ओसरीवर यायला लागली. तो कुणाकडून नारळसुद्धा घेत नसे. मोबदला घेतला की पाल्याचा गुण जातो, असं म्हणायचा. मी विज्ञान शिकवणारा माणूस, त्याची थट्टा करायचो. तो हसायचा आणि म्हणायचा, "तू तुझा फळा संभाळ, प्रल्हाद. मी माझा बांध संभाळतो." भांडण कधी झालं नाही. माझी धाकटी बहीण शांता आम्हा दोघांनाही राखी बांधायची, आणि आधी त्याला बांधायची. मी चिडवलं तर म्हणायची, "तू घरातलाच हायेस. नाथाभाऊ पाव्हणा हाय."

ऐंशी सालानंतरची दोन-तीन वर्षं गेली असतील. नाथाच्या मानेवर गाठी आल्या, सुपारीएवढ्या. अंगात ताप राहायला लागला. चाळिशीही न गाठलेला माणूस, पण चार महिन्यांत सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसायला लागला. तालुक्याच्या डॉक्टरनं कॅन्सर म्हणून सांगितलं आणि मोठ्या दवाखान्यात जायला बजावलं. मी औरंगाबादला चल म्हणून मागं लागलो. त्यानं ऐकलं नाही. हैदराबादला त्याच्या बायकोचा भाऊ नोकरीला होता. तिथं एक हकीम आहे, त्याच्याकडे जातो, म्हणाला. मग दर तीन आठवड्यांनी नाथा आणि गयावहिनी जालन्याहून गाडीत बसायचे. मीच त्यांना स्टेशनवर सोडायला जायचो. शेवटच्या खेपेला तर दोघं महिनाभर तिकडेच राहिले. परत आला की तो आठ-आठ दिवस घराबाहेर पडत नसे. एकदा डोक्यावरचे सगळे केस काढून आला. तिकडून तिरुपतीला गेल्तो, म्हणाला आणि मला लाडूचा प्रसाद दिला. मी तो खाल्ला. पुढच्या वर्षी नाथाच्या मानेवर गाठ राहिली नाही. अंग भरलं, केस आले, तो पुन्हा कडब्याचे भारे वाहायला लागला.

आता पंचक्रोशीत तो नाथाबाबा झाला. कॅन्सरमधून उठलेला माणूस पाला देतो म्हटल्यावर कुठून कुठून लोक यायला लागले. कशानं बरे झालात, असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, "गुळवेल अन् सदाफुली. हकिमाची कृपा." हे मी माझ्या कानांनी अनेकदा ऐकलं. माझीही थट्टा बंद झाली. डोळ्यांसमोर माणूस बरा झालेला, तिथं थट्टा कशाची करणार?

चार-पाच वर्षांनी शांताच्या छातीत गाठ निघाली. ती तीर्थपुरीकडे दिलेली होती, पदरात दोन मुली. या वेळी मी कुणाचं ऐकलं नाही. औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात तिचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सहा इंजेक्शनं सांगितली. दोन झाली. ओकून ओकून तिचा घसा सोलून निघाला, केस उशीवर राहायला लागले. मी तिला काही दिवस केदारखेड्याला आणलं. तिला बघायला नाथा आला. तो दिवस मला अगदी स्पष्ट आठवतो. ती बाजेवर बसली होती, डोक्याला रुमाल. तिनं त्याला जवळ बसवलं आणि विचारलं, "भाऊ, खरं सांग. तू या सुया घेतल्या होत्यास का रे?"

नाथानं माझ्याकडे बघितलं. दारात गयावहिनी उभ्या होत्या, त्यांच्याकडे बघितलं. मग म्हणाला, "न्हाई गं. पाल्यानंच गुण आला."

तिसऱ्या इंजेक्शनला शांता गेली नाही. मी हात जोडले, रागावलो, तिच्या नवऱ्याला मध्ये घातलं. तिचं एकच, "नाथाभाऊला झालं ते मला होईल." आणि खरं सांगायचं तर माझाही धीर कमी पडला. नाथा समोर हिंडताना दिसत होता ना... तो दर आठवड्याला स्वतः काढा करून तीर्थपुरीला नेऊन द्यायचा. दीड वर्षात शांता गेली. शेवटच्या महिन्यात तिच्या पाठीचं हाड मोडलं होतं, कूस बदलता येत नव्हती. तिच्या मातीला सगळ्यात जास्त नाथा रडला. त्याला उठवायला दोघं लागले. त्यातला एक मी होतो. "तुझा काय दोष त्यात? तू तुझ्यानं झालं तेवढं केलंस," असं मीच त्याला म्हणालो. हे वाक्य मला आता झोपेतही ऐकू येतं.

मधली चौदा-पंधरा वर्षं सरली. मी निवृत्त होऊन जालन्याला राहायला आलो. गेल्या वर्षी नाथाला दम लागायला लागला, पाय सुजायला लागले. अशोकनं त्याला औरंगाबादच्या एका दवाखान्यात भरती केलं आणि मी सोबतीला राहिलो. दुसऱ्या दिवशी एक तरुण डॉक्टरीण तपासायला आली. सदरा वर करून छातीला नळी लावता लावता ती थांबली. नाथाच्या छातीवर तीन बारीक निळे ठिपके होते. विहिरीवर आंघोळ करताना मी ते कितीदा पाहिले असतील. मला ते गोंदण वाटायचं.

"बाबा, हे कॅन्सरवर किरणांचा शेक देताना खूण म्हणून काढतात ते ठिपके आहेत," ती म्हणाली. "शेक कुठं घेतला होता?"

नाथा माझ्याकडे बघून म्हणाला, "प्रल्हाद, जरा च्या घेऊन ये."

"काका थांबू द्या," डॉक्टरीण म्हणाली. "मला नीट कळायला पाहिजे. हृदय कमजोर झालंय तुमचं. कॅन्सरच्या काही औषधांनी कित्येक वर्षांनंतर असं होऊ शकतं. इंजेक्शनं घेतली होती?"

"घेतली."

"किती?"

"सहा. हैदराबादला."

तिनं ते लिहून घेतलं. घरगुती काही घेत होता का, असंही विचारलं. गुळवेलीचा काढा घेत होतो, त्यानं मळमळ कमी वाटायची, असं तो म्हणाला. ती समजुतीनं म्हणाली, "तिथल्या डॉक्टरांना सांगितलं होतं का? आमच्यापासून लपवायचं नसतं, बाबा. कधी कधी एका औषधाचं दुसऱ्याशी पटत नाही." आणि ती पुढच्या खाटेकडे गेली. त्या डॉक्टरांपासून त्यानं काढा लपवला होता आणि आमच्यापासून डॉक्टर.

मी बाहेर जाऊन पाणी प्यालो. परत येऊन त्याच्या पायथ्याशी बसलो. "शांताला का न्हाई सांगितलंस?" एवढंच विचारलं.

तो छताकडे बघायला लागला. मग दम खात खात बोलला. "हैदराबादचा डॉक्टर म्हणला होता, यातलं एक औषध सदाफुलीतूनच काढतेत. मंग मला वाटलं, पाला म्हणलं तर बिलकुल खोटं न्हाई... पहिल्यांदा लोकायला लाजून म्हणलो. मंग लोक येऊन राह्यले. एकदा बोललेलं माघारी कसं घ्यावं?"

"लोकांचं सोड. तिनं तुला खरं सांग म्हणून विचारलं होतं."

"मला वाटलं ती दोन्ही करील. सुई बी अन् पाला बी. मी केलं तसं."

"तुला दोन्ही लागलं, अन् तिला एकच सांगितलंस."

त्याच्या डोळ्यांतून पाणी कानात उतरत होतं, ते पुसायला त्यानं हात उचलला नाही. मीही पुसलं नाही. संध्याकाळी अशोक आल्यावर मी पिशवी घेतली आणि जालन्याची गाडी धरली. त्यानंतर नाथा सात महिने जगला. तीनदा त्यानं बोलावणं धाडलं. मी गेलो नाही.

गेल्या आठवड्यात मात्र गेलो. का, ते सांगता येणार नाही. ओसरीवर गयावहिनी एकट्याच बसल्या होत्या. हैदराबादच्या त्या सगळ्या वाऱ्या त्यांनी नाथाबरोबर केल्या होत्या, म्हणजे त्यांनाही सगळं ठाऊक होतं. त्यांनी पाणी दिलं. मग स्वतःहूनच म्हणाल्या, "गुरुजी, शांताबाई गेल्यापून त्यायनं रिकाम्या हातानं आलेल्या गाठीवाल्याला पाला न्हाई दिला. आधी दवाखान्याचा कागद दाखव, सुया चालू कर, मंग ये, म्हणायचे. लई जणायला माघारी लावलं."

त्यांना वाटलं असेल, हे ऐकून मला बरं वाटेल. माझं उलटंच झालं. म्हणजे त्याला कळलं होतं. अनोळखी माणसांना तो वाट दाखवत होता आणि पंधरा वर्षं माझ्यासोबत एका ताटात जेवत होता. ज्याला सांगायला पाहिजे होतं त्याला सोडून त्यानं सगळ्यांना सांगितलं, तेही अर्धंच. तो स्वतः कशानं बरा झाला हे त्यानं कधी कुणाला सांगितलं का, असं मी विचारलं. वहिनींनी मान हलवली... न्हाई.

तेवढ्यात भोकरदनकडून आलेलं एक जोडपं अंगणात उभं राहिलं. बाईच्या हातात एक्स-रेचा मोठा पिवळा लिफाफा. "नाथाबाबा हायेत का?" नवऱ्यानं विचारलं. गयावहिनींनी ते गेल्याचं सांगितलं. बाई मटकन पायरीवर बसली. म्हणाली, "लई आशेनं आल्तो. दोन सुया झाल्या माझ्या. आता सोसत न्हाई. त्यायला पाल्यानं गुण आल्ता म्हणतेत."

मी तिच्या समोर उकिडवा बसलो. "बाई, मी त्यांचा मित्र. त्यांनी सहा सुया घेतल्या होत्या. सहाच्या सहा. शेकसुद्धा घेतला होता. ओकारी त्यांनाही झाली, केस त्यांचेही गेले. पाला घेत होते, पण सुया सोडल्या नव्हत्या. तुम्हाला काही घ्यायचं असलं तर डॉक्टरांना विचारून घ्या, पण उरलेल्या सुया चुकवू नका."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मंग त्यायनं कधी सांगितलं का न्हाई?"

 तिचा नवरा वहिनींकडे वळला. "हे खरं हाय का, मावशी?"

गयावहिनींनी पदर तोंडाशी नेला. बोलतील असं मला वाटलं नव्हतं. "खरं हाय," त्या म्हणाल्या. "मी होते संगं."

ते दोघं परतीच्या गाडीसाठी फाट्याकडे निघून गेले. आम्ही दोघं ओसरीवर बसून राहिलो. भिंतीशी नाथाचा दगडी खल होता. कुटायच्या आधी बत्ता कडेवर दोनदा आपटायची त्याला सवय होती. ऐकून ऐकून आळीतल्यांना कळायचं की नाथा औषधाला बसला. खल कुणी धुतला नव्हता. तळाला शेवटचा पाला वाळून काळा पडला होता. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही घेऊन जाता का? ते म्हणायचे, प्रल्हादला द्या."

मी तो उचलून पाहिला. जड होता. पुन्हा होता तिथंच ठेवला आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठलो.