आखाजीपर्यंत नळाचं पाणी

"नळनं पानी पेवानं नही. आन का म्हनीसन इचारानं बी नही."

हा आमच्या घरातला नियम. केला माझ्या आजोबांनी, म्हणजे आबांनी. नळाचं पाणी प्यायचं नाही, आणि का असं विचारायचंही नाही! आता मला सांगा, ‘विचारायचं नाही’ म्हटल्यावर ज्याला विचारावंसं वाटत नाही, तो माणूस की मुसळ? मी तर पुण्याला मामांकडे राहून बी.एस्सी. होऊन आलेली. मी विचारलंच. आणि त्या विचारण्यापायी गेल्या उन्हाळ्यात माझी अशी काही फजिती झाली, की अजूनही आमच्या गल्लीतल्या बायका मला बघितलं की तोंडाला पदर लावतात. थांबा, इतक्यात हसू नका. सगळं ऐका, मग पोटभर हसा.

तर नळ. जळगावात आमच्या अंगणात नगरपालिकेचा नळ आहे. पितळी तोटीचा, पहाटे तासभर येणारा. पण त्याचं काम काय? गाय धुवायची, अंगण शिंपायचं, पायावर पाणी घ्यायचं. पिण्याचं पाणी मागच्या आडाचं. आणि उन्हाळ्यात त्या आडाची दशा काय वर्णावी! बादलीत अर्धं पाणी, अर्धा गाळ, आणि नशीब जोरावर असलं तर एक बेडूक. माझी आत्या, जिला सगळं घर अक्का म्हणतं, तो बेडूक उचलून पुन्हा आडात सोडायची, पाणी दुहेरी फडक्यातून गाळायची आणि म्हणायची, "अमृत शे, अमृत!"

"आबा, नळाच्या पाण्यात वाईट काय आहे?" मी एकदा विचारलं.

"तोटीमा चामडं शे."

म्हणजे तोटीच्या आत चामड्याचा वायसर असतो, त्याला लागून पाणी येतं, म्हणून ते बाटलेलं. संपलं!

"आणि आपल्या भडगावच्या मळ्यात मोट कशाची आहे?"

आबा पानाच्या शिरा काढत होते. ते थांबले.

"कातड्याचीच ना? ते पाणी केळीला जातं. आणि ती केळी तुम्ही एकादशीला खाता."

"शाले, तुनं तोंड भलतं चालस."

"तोंड चालतंय, पण मला उत्तर कुठे मिळालं?"

माझे वडील, नाना, अशा प्रसंगी कान खाजवतात. त्यांनी कान खाजवला. स्वराज्य आलं, संस्थानं गेली, पण आमच्या घरातला वायसर काही जागचा हलला नाही.

इथवर नुसती तोंडाची लढाई होती. खरी ठिणगी पडली ती मला धुळ्याच्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवण्याची नोकरी मिळाली तेव्हा. स्वतःची नोकरी, स्वतःची खोली! मी हवेतच होते. आबांनी एकच प्रश्न विचारला.

"जठे राहशी, तठे आड शे का?"

आड नव्हता. नळ होता.

"मग धुयाले जावानं नही."

बघा! मुलगी परगावी एकटी राहणार, नोकरी करणार, याबद्दल आबांची हरकत असेलही. पण ती त्यांनी सांगितली नाही. माझं सगळं आयुष्य एका वायसरावर अडकवून ते पान चघळत बसले. मी नानांकडे पाहिलं. नाना म्हणाले, "बघू." आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे ‘नाही’, फक्त जरा मऊ आवाजातलं.

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी ओसरीवर मधोमध उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आजपासून आखाजीपर्यंत मी नळाचंच पाणी पिणार. दुसरा थेंब नाही. मला काही झालं तर मी नोकरीचं नाव काढणार नाही. नाही झालं, तर आखाजीच्या दुसऱ्या दिवशी मी धुळ्याच्या मोटारीत."

आबा म्हणाले, "कबूल!" आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, महिनाभरावर होती; त्यांना वाटलं, चार दिवसांत पोरगी आडवी होणार.

अक्का मात्र पांढरीफटक पडली. "शालू, पोरी, पटकी व्हई ना तुले!" पटकी म्हणजे कॉलरा. मी हसले. "अक्का, त्या पाण्यात क्लोरीन घालतात. तुझ्या आडात काय घालतात? बेडूक!"

आता एक गुपित तुम्हाला सांगून ठेवते. नळाचं पाणी मीसुद्धा तोवर कधी प्यायले नव्हते! पुण्यात मामांच्या घरीही आडच होता. नळाशी माझी ओळख हात धुण्यापुरती. पण हे त्या क्षणी ओसरीवर सांगायची गोष्ट होती का?

दुसऱ्या दिवशी पहाटे मी माझी वेगळी तांब्याची कळशी घेऊन नळावर. तोटीतून पाणी आलं आणि नाकात भसकन वास शिरला. थेट सरकारी दवाखान्याचा. पण माघार कुठली? कळशी भरली, माजघराच्या कोपऱ्यात ठेवली आणि अंघोळीला गेले. परत आले, डोळे मिटले, पेला तोंडाला लावला आणि...

काय आश्चर्य! वास नाही. औषधाची चव नाही. गार, गोड पाणी!

आता सामान्य बाईने पाणी पिऊन पेला खाली ठेवला असता. पण मी पडले बी.एस्सी.! मी लगेच सिद्धान्त मांडला. तोटीपाशी वास येतो, कळशीत येत नाही. दोन्हींच्या मध्ये काय आहे? तांबं! म्हणजेच तांब्यामुळे क्लोरीनचा वास नाहीसा होतो. रोज तेच घडत होतं, रोज सिद्धान्त पक्का होत होता. पंधरवड्यात माझी तब्येत सुधारली, चेहऱ्यावर तजेला आला. मी आरशात बघून म्हणायचे, "नळाचं पाणी!" केस गळायचे थांबले. "नळाचं पाणी!" एकदा तर मी शिंकलेसुद्धा नाही म्हणून नळाला श्रेय दिलं.

हे मी घरातच ठेवलं असतं तर हा किस्सा इथेच संपला असता. पण गल्लीतल्या हळदीकुंकवाला बायका जमल्या, मला म्हणाल्या, "काय गं शालू, नळाचं पितेस म्हणे?" झालं. हातात वाटली डाळ घेऊन मी व्याख्यान ठोकलं.

"आड सोडा! नळाचं पाणी तांब्याच्या कळशीत तासभर ठेवा. वास औषधालाही उरणार नाही!"

दुसऱ्या दिवसापासून गल्लीत नुसता खडखडाट. घरोघर माळ्यावरच्या तांब्याच्या कळश्या खाली आल्या. चिंच, राख, पुन्हा चिंच. बाजारात चिंच मिळेना. आणि चार दिवसांनी एकेक जण कुरकुरत यायला लागली.

"शालू, वास काही जात नाही गं."

"कळशी नीट घासली नसेल."

"तीनदा घासली."

"मग चौथ्यांदा घासा! आमच्याकडे जातो तो कसा?"

बिचाऱ्या पुन्हा घासायला बसायच्या. कळश्यांत तोंड दिसायला लागलं, पण वास जागच्या जागी. शेजारच्या शेठाणीकाकू मूळच्या मारवाडच्या, पाणी गाळल्याशिवाय जिभेला न लावणाऱ्या. त्या मला म्हणाल्या, "शालूबाई, आखाजीच्या दिवशी आम्ही सगळ्या येणार. तुमच्या हाताने करून दाखवा."

"खुशाल या!" मी म्हणाले. घरात हे ऐकून फक्त एकाच माणसाच्या हातातली पळी खाली पडली. अक्काच्या. मला तेव्हाही काही सुचलं नाही. बी.एस्सी. ना!

आखाजी आली. पहाटे अक्काने पूर्वजांच्या नावाने मातीची घागर भरून पुजली, वर खरबूज ठेवलं. आबांनी हात जोडले. त्यांची स्वारी मोठ्या खुशीत होती. गेला महिनाभर ते येईल-जाईल त्याला सांगत होते, "यंदा आडनं पानी काय गोड शे! मना पोटनी तक्रारच गयी." ओसरीवरच्या त्यांच्या माठात वाळ्याची घमघमीत जुडी असायची. तो भरायचा अक्काने; त्या माठाला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.

नळ चालू होता तोवरच शेठाणीकाकू आणि गल्लीतल्या बायका हजर. मी सर्वांदेखत कळशी भरली. सर्वांना वास दिला. सर्वांनी नाकं मुरडली. कळशी ओसरीवर आणून ठेवली आणि मी तिच्याशेजारी फौजदारासारखी बसले.

अक्का आली. "कळशी आत ठेवू का?"

"नको."

पुन्हा आली. "ऊन लागस कळशीले."

"सकाळी सहाचं ऊन?"

"मांजर तोंड घाली."

"अक्का, आपल्याकडे मांजर नाही!"

ती आत जाई, बाहेर येई, पदराला घाम पुशी. तास झाला. मी ऐटीत पेला भरला आणि शेठाणीकाकूंच्या हातात दिला. त्यांनी नाकाजवळ नेला आणि हात लांब केला.

"अरे राम! यात तर पूरा दवाखाना घुसला आहे!"

बायका खो खो हसल्या. मी पेला हुंगला. खरंच की! माझ्या कानांतून वाफा निघाल्या. आणि मग मी ते वाक्य बोलले. तशी मी फटकळच, पण त्या दिवशी जीभ आवरली असती तर बरं झालं असतं.

"अक्का, तू आज कळशी नीट घासली नाहीस!"

अक्काने आयुष्यात सगळं सोसलंय. पण तिच्या घासलेल्या भांड्याला कोणी नाव ठेवलेलं तिला चालत नाही. ती ताडकन म्हणाली, "मनी कळशीले नाव ठेवू नको! रोज मीच ते पानी काढी लेऊ, आन आडनं भरू!"

बायका एकदम पुढे सरकल्या.

"म्हणजे?" मी विचारलं. विचारायची हौस ना मला!

"तू अंघोळीला गई, की मी बदली देऊ. तुले पटकी व्हई जाती तर?"

म्हणजे तो तजेला, ते केस, ती न आलेली शिंक, सगळं आडाचं! बेडकाचं! आणि माझ्या सिद्धान्ताच्या जोरावर निम्मी गल्ली चिंचेने हात सोलून बसली होती! शेठाणीकाकूंनी आपले तळवे माझ्यासमोर धरले. लालभडक.

आबा मांडी थोपटून हसत सुटले. "व्हई गयं धुयं! पोरगी महिनाभर आडनंच पानी पिनी!"

माझी नोकरी, माझी खोली, सगळं त्या कळशीत बुडालेलं मला दिसत होतं. पण चार वर्षं शिकलेलं कुठेतरी शिल्लक होतं. कळशीतून पाणी काढलं, तर ते गेलं कुठे?

"अक्का, नळाचं पाणी तू ओतून देत होतीस?"

"ओती देऊ? उन्हायाना दिनमा? पाप लागी ना!"

"मग कुठे टाकायचीस?"

अक्काने पदर तोंडात धरला आणि बोट दाखवलं. ओसरीवरच्या माठाकडे. वाळ्याच्या जुडीकडे.

"आबास्ना माठमा."

आबांचं हसू अर्ध्यातच अडकलं.

"आणि आबांना पटकी झाली असती तर?" मी ओरडले.

अक्का अगदी निरागसपणे म्हणाली, "त्यास्नं आते वय व्हई गयं ना!"

नानांनी एकदम दोन्ही कान खाजवायला घेतले. एक बाई हसू दाबता दाबता भिंतीवर आपटली. आणि मग आबांची नजर हळूच पूर्वजांच्या घागरीकडे गेली.

"हाई कोठलं?"

"माठमधलंच," अक्का पुटपुटली. "आडले आज पानीच नही."

म्हणजे नियम करणाऱ्या आबांनी आणि त्यांच्या पूर्वजांनीही नळाचं पाणी घेतलं होतं. आणि मीच घेतलं नव्हतं! प्रयोग फत्ते, पण तो करणारीलाच वगळून!

आबा मुरलेले. क्षणात सावरले. "बोली तुनी व्हती, मनी नही. तू पिनी का? नही पिनी. म्हनीसन तू हारनी. धुयं सोडी दे." मग आवाज जरा मऊ करून म्हणाले, "अक्का, काल गाळेल तांब्याभर आडनं पानी व्हई ना? आन. पोरीले दे. पी पोरी, आन इसरी जाय."

अक्का तांब्या घेऊन आली. सगळी ओसरी माझ्याकडे बघत होती. तो तांब्या घेणं म्हणजे धुळं सोडणं, हे मला कळत होतं आणि तिथल्या प्रत्येकाला कळत होतं.

मी तांब्याला हात लावला नाही. शेठाणीकाकूंना दिलेला तोच पेला उचलला, त्या दवाखान्याच्या पाण्याचा, आणि एका दमात तोंडात ओतला.

देवा रे! ती चव! जिभेवर कोणीतरी औषधाची आख्खी बाटली फोडल्यासारखी. डोळ्यांत पाणी, गाल फुगलेले, आणि घोट काही केल्या खाली उतरेना.

"आडनं आनू?" आबांनी विचारलं.

मी मान हलवली. नाही.

"धुयं सोडशी?"

पुन्हा मान. नाही!

आबांचं तोंड उघडंच राहिलं. ते माठाकडे बघत, मग घागरीकडे, मग माझ्याकडे. अक्काने तांब्या खाली ठेवला. नानांनी कानावरचे हात खाली घेतले. पोरगी एवढी पेटली आहे की आता बोलायलाही तयार नाही, असंच सगळ्यांना वाटलं. आमच्या घरात वडीलधारे गप्प बसल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते.

एवढा मोठा क्षण! काय काय बोलायचं मी वर्षानुवर्षं ठरवून ठेवलं होतं! आणि तोंड उघडायची सोय नव्हती, कारण ते क्लोरीनने भरलेलं होतं.