राओगोला शिव्या देण्याचा हक्क

राओगो तापसोबा मला आयुष्यभर कुत्रेखाऊ म्हणाला आणि मी त्याला गाढवखाऊ. मी सामो जमातीचा, तो मोसी जमातीचा. सामो आणि मोसी समोरासमोर आले की आधी शिव्या, एकमेकांना गुलाम म्हणणं, मग ख्यालीखुशाली, ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. रागवायचं मात्र कुणी नाही. जो रागावला त्याचीच अब्रू गेली. मरणाच्या घरीही ही सूट कुणी काढून घेऊ शकत नाही. उलट तिथे तिची खरी गरज असते. मोसी मेला की सामोने येऊन त्याची टर उडवायची, तेव्हा कुठे तो नीट वाटेला लागतो.

वाहिगुया शहराच्या बाजारात आंब्याखाली राओगो मोपेड दुरुस्त करायचा. कांदा-बटाटा संघातलं माझं हिशेबाचं काम आटोपलं की मी तिथे जाऊन बसायचो. दोन वर्षांपूर्वी तो हत्यारांची पेटी घेऊन एका खेड्याच्या आठवडी बाजाराला गेला. दुपारी बंदूकवाले आले आणि दिसेल त्याच्यावर गोळ्या झाडत सुटले. राओगो घरी आला तो चटईत गुंडाळून. बाहेर सैनिक उभे, आत सगळे भेदरलेले. तशाच घाईत माती दिली. शिव्या तर सोडाच, कुणी मोठ्याने रडलंसुद्धा नाही.

यंदा पीक घरात आल्यावर तापसोबांनी मोठं उत्तरकार्य ठरवलं. मी पहाटेच निघालो. वाटेत मनातल्या मनात शिव्या जुळवत होतो आणि एकटाच हसत होतो. अंगणात ढोल तापत होते, रांजणांत ज्वारीची दारू फसफसत होती. दारातच राओगोचा थोरला भाऊ तेंगा आडवा आला.

"तोए," त्याने मला नावाने हाक मारली, "आज शिव्या नकोत."

"म्हणजे? मग मी आलोय कशाला? जेवायला?"

"सरकारी साहेब येणारेत भाषणाला. राओगो काही म्हातारा होऊन मेला नाही. असल्या मरणावर दात काढले तर लोक काय म्हणतील?"

"दादा, मग त्याला पाठवणार कोण? साहेब?"

"हात जोडतो. आज गप्प बस."

मी भिंतीशी जाऊन उभा राहिलो. गप्प बसलो तर काय होणार, ते मला स्पष्ट दिसत होतं. राओगोचं नाव निघालं की लोकांना तो बाजार आठवेल, त्या बंदुका आठवतील. राओगो कुणाला आठवणार नाही.

इतक्यात ढोल वाजले. रीतीप्रमाणे घरातली सून त्या दिवशी मेलेल्याचे कपडे घालते आणि संध्याकाळपर्यंत तोच होऊन वावरते. ती सून, तिपोको, बाहेर आली. अंगात राओगोचा तेलकट कोट, डोक्यावर त्याची टोपी. पण चाल? मान खाली, पावलं मोजून मापून! पोरांच्या डोक्यावर हात काय ठेवतेय, म्हाताऱ्यांपुढे वाकतेय काय! बायका पदर डोळ्यांना लावायला लागल्या. माझ्याने राहवेना.

"ए! हा कुठला पाद्री धरून आणलात?" मी ओरडलो. "आमचा गाढवखाऊ कुठाय? तापसोबांनी मुडदा बदलला!"

ढोल थांबले. तेंगा गर्रकन वळला. "तोए!"

"बघा, बघा! सामोसमोर मोसी रागावला! सगळे साक्षीदार आहात!"

आता तेंगाची पंचाईत झाली. जमातीतले सगळे म्हातारे त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याने मिशी चावली.

"रागावतोय कोण?" तो म्हणाला. "दारात कुत्रं भुंकलं म्हणून कुणी रागावतं का?"

अंगणात असा हशा उसळला की झाडावरच्या कोंबड्या खाली पडल्या! तिपोकोने टोपी तिरकी केली, डावा पाय बाहेर फेकत राओगोसारखी डुलत निघाली आणि ढोलवाल्याच्या मोपेडला लाथ घातली.

"ब्रेक कसले मागतोस रे? थांबायचंच असेल तर घरी बस की!"

"हाच! हाच तो!" लोक ओरडले. मग ती पत्ते खेळणाऱ्या म्हाताऱ्यांत घुसली, बाहीतून एक्का काढला आणि पकडली जाताच सगळा डाव उधळून म्हणाली, "वारा सुटला!" राओगोची बायको पोट धरून हसत होती. हसता हसताच ती रडायला लागली, आणि या खेपेला मोठ्याने, मोकळेपणाने.

मला तर चेवच चढला. साठीला आलेला माणूस मी, नवा सदरा अंगात. तसाच फाटकात आडवा झालो.

"आम्हा सामोंच्या हक्काचं कुत्र्याचं डोकं दिल्याशिवाय हा मुडदा इथून हलणार नाही!"

तेंगाने माझा पाय धरून ओढायला सुरुवात केली आणि नेमकी त्याच वेळी साहेबांची गाडी आली. साहेब उतरले. हातात भाषणाचा कागद.

"हा काय प्रकार आहे?"

"आमचा गुलाम आहे, साहेब," तेंगा धापा टाकत म्हणाला. "सामो आहे, दुसरं काय!"

"असं?" साहेबांनी कागद खिशात घातला. "मी झेर्बो."

झेर्बो आडनावाचा माणूस म्हणजे सामोच! साहेबांनी चष्मा काढून ड्रायव्हरकडे दिला आणि ते माझ्या शेजारी धुळीत आडवे झाले.

"माझं डोकं वेगळं. मी वाटून घेत नाही."

तेंगाने कपाळावर हात मारला. "एक पुरेना म्हणून सरकारने दुसरा पाठवला!"

मग ढोल असे काही कडाडले की कुणाला कुणाचं ऐकू येईना. तिपोकोने कोट वर खोचला, आम्हा दोघांना राओगोच्या एकेक ठेवणीतल्या शिव्या हासडल्या, आणि आमच्या अंगावरून उडी मारून राओगो एकदाचा वाटेला लागला.