आधी हात बघ

कॅच सुटला म्हणून कालिंदाबाई कुठल्या पोरीवर ओरडल्याचं मला आठवत नाही. त्या तिला जवळ बोलवायच्या, तिचे तळवे आपल्या हातात घेऊन नीट बघायच्या आणि म्हणायच्या, "चेंडूला नावं ठिवू नगं. आधी हात बघ." एरवी मात्र बाईंचा आवाज मैदानातून थेट बसस्टँडपर्यंत जायचा.

धारूरच्या डोंगरकडेला असलेल्या आमच्या शाळेत त्या खेळ शिकवायच्या आणि मी मराठी. बाईंच्या वडिलांची मेंढरं होती. लहानपणी त्यांच्यामागे माळ तुडवल्यामुळे गवताकडे बघायची बाईंची नजरच वेगळी होती. "सर, हे गवत मेंढराला लई चांगलं, पोरींला न्हाई," असं म्हणत त्यांनी शाळेमागच्या पडीक माळावरचे दगड वेचले, काटे काढले आणि मुलींसाठी क्रिकेटचं मैदान केलं. पुढे पुण्याला नोकरी करणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याने गवत कापायची मशीन पाठवली. मैदानात विजेची सोय नव्हती, म्हणून बॅटरीवरची. बाई ती बॅटरी घरी नेऊन स्वतः चार्ज करायच्या. मशीनला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

जिल्ह्याच्या संघासाठी मुलींची निवड एका वर्षी आमच्या मैदानावर ठरली. बाईंनी हट्टानेच ती इथे आणली होती, आमच्या शाळेतल्या सारिकासाठी. सारिकाची फिरकी भल्याभल्यांना कळत नसे. पण तिचे वडील दत्तूआबा गावातले मोठे बागायतदार, शब्दाचे पक्के आणि तेवढेच हेकट. त्यांनी सांगून ठेवलं होतं, "बाई, खेळंल ते हितंच. गाव सोडून पोरगी जाणार न्हाई." निवड दुसरीकडे हलली असती तर सारिकाचा खेळ तिथेच संपला असता.

निवड होती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. नवरात्रभर पाऊस लागून राहिला आणि गवत घोट्याच्या वर गेलं. निवड करणारे साहेब सकाळीच आले, मैदानात चार पावलं चालले आणि म्हणाले, "यात चेंडू सापडायचा नाही. दुपारपर्यंत कापून झालं तर इथे, नाहीतर सगळ्या मुलींना घेऊन बीडला."

बाईंनी मशीन आणली, किल्ली लावली, बटण दाबून दांड्याची कांडी ओढली. मशीन ढिम्म. परत ओढली, तरी ढिम्म.

"बॅटरी उतरली असेल," मी म्हणालो. यंत्रांबद्दल मला एवढं एकच वाक्य येतं. बाईंनी बॅटरीवरचं बटण दाबून दाखवलं. सगळे हिरवे दिवे लागले. घडीचा दांडा पुरता उघडलाय का, ते त्यांनी पाहिलं. मग किल्ली आणि बॅटरी काढून मशीन आडवी केली, पात्यात गवत अडकलंय का बघितलं. पातं स्वच्छ होतं आणि हाताने सहज फिरत होतं. त्यांनी सगळं परत बसवलं, कांडी ओढली. काही नाही.

कडेला दत्तूआबा हाताची घडी घालून उभे होते. त्यांच्यामागे सारिका, पांढऱ्या कपड्यांत, हातातला चेंडू उगाच पुसत. साहेबांनी ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगितलं.

आणि बाईंचा तोल गेला. शाळेचे शिपाई लक्ष्मणमामा बाजूला उभे होते, त्यांच्यावर त्या कडाडल्या, "मामा, कावून हात लावला मशीनीला? सुट्टीत तुमीच काढलती ना भाईर?"

मामांचा चेहरा पडला. ते हळूच म्हणाले, "बाई, नवमीला हत्यार कुणी चालवतंय का? तुमी पूजा केली, आन तवापासून ती तशीच ठिवलेली हाय."

बाई मशीनकडे वळल्या. खंडेनवमीला आमच्याकडे विळा-कोयत्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांची पूजा होते. बाईंनी शाळेत पाट मांडून मशीन पुजली होती. बॅटरी काढून तिलाही वेगळं हळदीकुंकू लावलं होतं, आणि दोन्हींवर ओंजळभर अक्षता टाकल्या होत्या.

त्यांनी किल्ली काढली, बॅटरी काढली आणि तिच्या रिकाम्या खोबणीत वाकून पाहिलं. मग केसातली पिन काढून कोपऱ्यातून काहीतरी उकरलं. कुंकवाने लाल झालेला तांदळाचा दाणा. तेवढ्याने बॅटरी पुरती बसत नव्हती.

तो दाणा त्यांना सहज खाली टाकता आला असता. मी तर टाकलाच असता. बाई तो तळहातावर घेऊन आधी मामांपुढे गेल्या. "मामा, चूक माजी हाय. तुमाला उगं बोलले." मग आबांपुढे हात धरला. "मशीन चांगली हाय, आबा. माज्याच हातानं बिघडलती."

या खेपेला बॅटरी बसताना खट् असा आवाज आला. बाईंनी कांडी ओढली आणि मशीन घुमायला लागली. साहेबांनी गाडी थांबवली. गवत दुपारपर्यंत कसंबसं कापून झालं, आणि सारिकाने तिन्हीसांजेपर्यंत चांगल्या चांगल्या मुलींना नाचवलं. तिचं नाव पुकारलं गेलं. पण त्यापुढे महिनाभर सराव होता, तो बीडला.

सगळे आबांकडे बघत होते. आबांनी पागोटं सारखं केलं आणि विचारलं, "बाई, तुमी संगं राहणार का?"

"राहणार."

"मग जाऊ द्या. तिकडं काय कमी-जास्त झालं तर तुमी मला खरं सांगताल. आज बघितलं मी."

पुढच्या उन्हाळ्यात बाईंची बदली झाली. जाताना मशीनची किल्ली त्यांनी माझ्या हातात ठेवली. मला रडू येत होतं आणि ते मी लपवलं नाही. बाईंनी फक्त माझा तळवा उलटून बघितला, पोरींचा बघायच्या तसा.

आता मैदान मी सांभाळतो. परवा मशीन पुन्हा अडली. मामांना हाक मारायला तोंड उघडलं, मग ते मिटलं आणि आधी हात बघितला. बॅटरी मीच अर्धवट बसवली होती.